बोअरच्या पाण्यातलं मँगनीज: हवा, ग्रीनसँड, खनिजाचा चुरा की सॉफ्टनर?

कोकणात गावच्या घरी बोअर मारली तेव्हा पाणी बघून सगळे खूश, काचेसारखं स्वच्छ. दोन महिन्यांत बाथरूमच्या पांढऱ्या टाईल्सवर आधी तांबूस आणि मग चक्क काळपट ओघळ दिसायला लागले, आणि एकदा आईने चादरी टीसीएलच्या (ब्लीचिंग पावडरच्या) पाण्यात भिजवल्या तर डाग जायचे सोडून चादरभर चॉकलेटी ठिपके उमटले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून आयर्न फिल्टर म्हणून विकतात ती वाळूची टाकी बसवली. लोखंडाचा तांबूस रंग गेला, मँगनीजचा काळा तसाच. टाकी वाईट नव्हती हो, ताप एकाचा आणि गोळी दुसऱ्याची असं झालं होतं. आता आतेभाऊ शेजारच्या गावात घर बांधतोय, त्याच्याही बोअरला हाच प्रकार आहे, त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी लोखंड आणि मँगनीज यांच्यातला फरक डोक्यात बसवा, कारण पुढची सगळी निवड त्याच्यावरच आहे. जांभ्याच्या भेगांमध्ये, मातीच्या गोळ्यांवर जी काळी पुटं दिसतात ना, ती बरीचशी मँगनीजच्या ऑक्साईडची असतात. पावसाचं पाणी मुरत खाली जातं, वाटेत कुजणारा पालापाचोळा त्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो, आणि अशा बिनऑक्सिजनच्या, थोड्या आंबट पाण्यात ही पुटं विरघळतात, लोखंडही विरघळतं, आणि विरघळलेलं असताना दोघांनाही रंग नसतो म्हणून पाणी स्वच्छ दिसतं. वर आल्यावर हवा लागली की लोखंड, पीएच (पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, सातच्या खाली म्हणजे आंबट) सातच्या वर असेल तर, काही मिनिटांत गंजासारखं बाहेर पडतं. मँगनीज त्याच पाण्यात दिवसच्या दिवस तसंच फिरत राहतं, नुसत्या हवेने त्याला बाहेर काढायचं तर पीएच नऊच्या पुढे न्यायला लागतो. निसर्गातही हेच होतं, लोखंड आधी बसतं, मँगनीज पुढे वाहून जातं, म्हणून तर दोघांचे साठे बऱ्याचदा वेगवेगळे सापडतात. आपल्या नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातलं मँगनीज हे मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ, नंतर जमिनीत खोल दाबाखाली भाजून निघालेला. तिथल्या एका खडकाला फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून गोंडाईट नाव दिलं, १९०९ साली त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा जाडजूड ग्रंथ आला होता. असो, बोअरकडे येतो.

रिपोर्टशिवाय काहीही विकत घेऊ नका. नुसतं "पाणी पिण्यायोग्य" असा शिक्का उपयोगाचा नाही, लोखंड, मँगनीज आणि पीएच हे तीन आकडे हवेत. पीएच बोअरच्या तोंडाशीच मोजा, कारण पाण्यातला कार्बन डायऑक्साईड उडून गेला की तो वर चढतो आणि लॅबमध्ये गोडगोड आकडा मिळतो. धातूंच्या सँपलसाठी लॅबकडून ॲसिड घातलेली बाटली मागून घ्या, साध्या बाटलीत भरलेलं मँगनीज तळाला आणि काचेला चिकटून बसू शकतं. भारतीय मानकात मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरी सोयच नसेल तर ०.३ पर्यंत. आमचा रिपोर्ट: लोखंड १.८, मँगनीज ०.६, पीएच ६.३. देशावर काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बहुतेक वेळा आठच्या आसपास असतं, त्यामुळे पुण्याच्या मित्राने जे बसवलं ते कोकणात तसंच चालेल असं समजू नका.

आता पर्याय. सगळ्यात स्वस्त म्हणजे हवा: बोअरचं पाणी शॉवरसारखं तुषार करून टाकीत पाडायचं, संथ होऊ द्यायचं आणि मग वाळूतून गाळायचं. लोखंडासाठी झकास, वीज सोडली तर खर्च नाही, आणि कार्बन डायऑक्साईड उडाल्यामुळे पीएचही जरा सुधारतो. मँगनीजला मात्र सुरुवातीला शून्य उपयोग. गंमत म्हणजे काही आठवडे, कधी महिने गेले की वाळूच्या दाण्यांवर आपोआप काळं पुट चढतं, त्यात मँगनीज खाणारे जिवाणूही मदत करतात, आणि मग तीच वाळू मँगनीज धरायला लागते. पण आपल्या वेळापत्रकाने नाही, तिच्या. त्यामुळे पहिली पायरी म्हणून हवा घ्याच, शेवटची म्हणून नको.

दुसरा ग्रीनसँड. मूळचा ग्लॉकोनाईट नावाच्या समुद्री हिरव्या खनिजाचा, त्याच्यावर मँगनीज डायऑक्साईडचा थर दिलेला, हल्ली आत साधी सिलिका वाळू आणि वर थर असा मालही याच नावाखाली येतो. विरघळलेलं मँगनीज या काळ्या थरावर येऊन चिकटतं आणि तिथेच ऑक्सिडाईज होऊन, म्हणजे ऑक्साईड बनून, थराचाच भाग होतं, म्हणजे काट्याने काटा. पण थर ताजा ठेवायला काहीतरी ऑक्सिडायझर द्यावाच लागतो, एकतर क्लोरीन नाहीतर पोटॅशियम परमँगनेट, तेच ते विहिरीत टाकायचे जांभळे खडे. हिशोब सोपा आहे: १ मिलिग्रॅम लोखंडाला ०.९४ आणि १ मिलिग्रॅम मँगनीजला १.९२ मिलिग्रॅम परमँगनेट. आमच्या पाण्याला म्हणजे हजार लिटरच्या टाकीला जेमतेम ३ ग्रॅम. जास्त पडलं तर नळाला गुलाबी पाणी येतं, आमच्याकडे एकदा आलंय, पाहुणे असतानाच. क्लोरीनचं तसं नाही, हजार लिटरला साधारण २ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताजी टीसीएल असेल तर ६ ग्रॅमच्या आसपास पावडर. टीसीएल रात्रभर भिजवून वरची निवळीच घ्यायची, खालचा चुना डोसिंग पंप चोंदवतो. घरगुती वापराला मी क्लोरीनच म्हणेन, परमँगनेटचा आणि पाहुण्यांचा योग नको.

तिसरा, अख्खा खनिजाचा चुरा, म्हणजे पायरोलुसाईट हे मँगनीजचं खनिज दळून चाळलेला मेडिया (फिल्टरच्या टाकीत भरायचे दाणे). इथे थर झिजायचा प्रश्नच नाही, दाणा आतून बाहेरून मँगनीज डायऑक्साईडच, लोखंड-मँगनीज जास्त असेल तरी दणकट, वर्षानुवर्षं टिकतो. दुखणं एकच पण मोठं: वजन. साधी वाळू पाण्याच्या २.६५ पट जड, हा चुरा चार पटीहून जास्त. त्यामुळे बॅकवॉशला, म्हणजे टाकीत खालून वर पाणी सोडून गाळ धुवायला, पाण्याचा जोर प्रचंड लागतो. दहा इंच व्यासाच्या टाकीला ग्रीनसँडला मिनिटाला २५ लिटरच्या आसपास पुरतात, याला ५० ते ६०. जोर कमी पडला तर दाणे उचललेच जात नाहीत, गाळ आतच साचतो आणि काही महिन्यांत मेडियाचा दगड होतो. दुकानदार हे सांगत नाही. तुम्ही स्वतः मोजा: १५ लिटरची बादली, मोबाईलचं स्टॉपवॉच, मोटर चालू. आमची टाकीतून खेचणारी अर्ध्या एचपीची मोटर बादली भरायला ३० सेकंद घेते, म्हणजे मिनिटाला ३० लिटर, विषय संपला, आम्ही ग्रीनसँड घेतला. आतेभावाची मोटर तीच बादली १४ सेकंदांत भरते, त्याने बिनधास्त चुरा घ्यावा.

चुरा स्वस्तात मिळतो म्हणून खनिज व्यापाऱ्याकडून गोण्या आणायचा मोह होतो, तो आवरा. मँगनीजचा दगड म्हणजे एकच वस्तू नाही. ब्राऊनाईटमध्ये सिलिका असते, तो पोलादासाठी लागणाऱ्या फेरोमँगनीजच्या भट्टीत शोभतो, फिल्टरमध्ये नाही. सिलोमेलेनमध्ये बेरियम असू शकतं. डायऑक्साईडवाला माल वेगळाच, भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतला असा माल ड्रायसेलवाले घेतात. मेडिकलमधल्या हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब टाकून फेस आला की लोक म्हणतात माल अस्सल, पण त्याने फार तर मँगनीजचं ऑक्साईड आहे एवढंच कळतं, बाकी काय काय आहे ते नाही. पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेला मेडियाच घ्या.

आणि आंबट पाण्याचा मुद्दा ग्रीनसँड आणि चुरा दोघांनाही लागू. पीएच सातच्या खाली आणि क्लोरीन नाही असं झालं तर मेडियाच उलट मँगनीज सोडायला लागतो. म्हणून आम्ही मध्ये संगमरवराच्या बारीक खडीची टाकी घातली, पाणी थोडं जड होतं पण पीएच सव्वासातवर आला. लोखंड आधी काढून मगच पाणी खडीवर सोडा, नाहीतर खडीवर गंजाचं कवच चढतं आणि ती विरघळायची थांबते.

सॉफ्टनर? तो रेझिनच्या मण्यांनी पाण्याचा जडपणा काढतो; पाणी जड असेल, मँगनीज थोडंच असेल आणि बोअरपासून सॉफ्टनरपर्यंत हवा लागत नसेल तर चालतो, आंबट पाण्यातही चालतो. हवा लागली की रेझिन काळं पडून बसतं. आमच्यासारख्या लोखंडाला नकोच.

पिण्यासाठी किचनचा आरओ वेगळा ठेवा, तो विरघळलेलं मँगनीज काढतो, पण आधीची सफाई नसेल तर त्याचा पडदा लवकर चोंदतो. उकळून मँगनीज जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतंच. जागतिक आरोग्य संघटनेने आता ०.०८ ही तात्पुरती मर्यादा धरलीय आणि ती मुख्यतः वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांसाठी, तेव्हा घरात असं बाळ असेल तर फिल्टर लागेपर्यंत त्याच्या दुधाला हे पाणी वापरूच नका, दुसरं आणा.

आमची सगळी जोडणी झाल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, मँगनीज ०.०५. दर तिसऱ्या दिवशी बॅकवॉश, दहा मिनिटं, पाणी सुरुवातीला अगदी काळ्या चहासारखं येतं, ते खालच्या खड्ड्यात निवळत ठेवतो. टाईल्सवरचे जुने डाग मात्र अजून आहेत, आई रोज लिंबू घेऊन त्यांच्या मागे आहे.