मॅन्युअल, ऑटोमॅटिक की ड्युअल-क्लच? तिन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स निवडताना ती किती पळते यापेक्षा ती किती हळू चालवावी लागणार आहे, हे आधी बघावं. गेले बरेच महिने तिन्ही प्रकार आलटूनपालटून चालवल्यावर माझं हे मत पक्कं झालंय. मॅन्युअल माझ्या स्वतःच्या माझदा एमएक्स-५ मध्ये आहे, ड्युअल-क्लच नवऱ्याच्या हॉट हॅचमध्ये, म्हणजे दमदार इंजिनाच्या छोट्या हॅचबॅकमध्ये. आणि आठ स्पीडची, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक म्हणजे दादाची कूपे. तो बाहेर असल्यामुळे ती मोठा काळ माझ्याकडेच होती. मोकळ्या रस्त्यावर यातला एकही गिअरबॉक्स नकोसा वाटला नाही. फरक कळला तो पार्किंगमध्ये, चढावर आणि पुढच्या गाडीमागे रांगताना.

ड्युअल-क्लचपासून सुरुवात करते, कारण विकत घेणाऱ्यांच्या मनात सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच असतो. यात क्लच दोन. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर आणि दुसऱ्यावर २, ४, ६. गाडी तिसऱ्यात जोर करत असताना चौथा आधीच लावून ठेवलेला असतो. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो, त्यामुळे चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही. रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमजवळ, गिअर बदलला तर पाठीला सीटचा दाब जाणवतो तसाच राहतो, फक्त आवाज खाली येतो. याची सवय लागली की दुसरं काही आवडायला वेळ लागतो. मूळ काम रेसिंगमधलं आहे. पोर्शेने १९८० च्या दशकात ९५६ आणि ९६२ या गाड्यांवर आपला पीडीके हा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स घासून तयार केला. रस्त्यावरच्या गाडीत असा गिअरबॉक्स पहिल्यांदा आला तो २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये. पोर्शेच्याच ९११ ला पीडीके मिळायला २००८ उजाडलं.

पण क्लच तो क्लचच. आपण डाव्या पायाने जे हाफ क्लच करतो तेच इथे संगणक करतो, आणि त्याला पुढची गाडी दिसत नसते. आमच्याकडच्या हॅचचा त्रास नेमका इथे आहे. तळघरातल्या पार्किंगमधून चढावर रिव्हर्स घ्यायचं असलं की ब्रेक सोडल्यावर आधी काहीच होत नाही. थोडा अॅक्सिलरेटर दिला की गाडी दबकत हलते, आणि अजून किंचित दिला की एकदम उडी मारते. भिंत वीतभर अंतरावर असताना ही उडी नको वाटते. असं दोन-तीनदा मागेपुढे केलं की क्लचचा जळका वास येतो. एकदा चढावरच्या लांब कोंडीत गिअरबॉक्स तापल्याची सूचना समोरच्या पडद्यावर झळकली आणि गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं. हे तेलात बुडालेल्या म्हणजे वेट क्लचचं. कोरड्या क्लचला तर उष्णता बाहेर टाकायला तेलही नसतं. म्हणून कमी टॉर्कच्या इंजिनांना कोरडे आणि दमदार इंजिनांना ओले क्लच देतात. घेण्याआधी आपल्या गाडीत कोणते आहेत ते जरूर विचारा.

दुसरी एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. पुढचा गिअर तयार ठेवणं हा शेवटी अंदाज असतो. तुम्ही तिसऱ्यात वेग वाढवताय, त्याने चौथा लावून ठेवलाय आणि तेवढ्यात वळण अपेक्षेपेक्षा घट्ट निघालं म्हणून तुम्ही डावं, म्हणजे खालच्या गिअरचं पॅडल ओढलं. आता त्याला चौथा काढून दुसरा लावायचा आणि मग क्लच बदलायचा. वर जाताना जी चपळाई असते ती इथे नसते. सहाव्यावरून थेट दुसऱ्यात यायचं तर दोन्ही गिअर एकाच क्लचवर, म्हणजे मध्ये एका विषम गिअरचा आधार घ्यावा लागतो. स्पोर्ट मोडमध्ये ब्रेक मारताना तो स्वतःच खालचे गिअर तयार ठेवतो म्हणून हे लपतं. साध्या मोडमध्ये ओव्हरटेकला चटकन दाबलं की लक्षात येतं.

दादाच्या कूपेने मात्र मला खरोखर चकित केलं. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे सुस्त, पेट्रोल पिणारा, आरपीएम वर आणि गाडी मागे, असंच वर्षानुवर्षं ऐकलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्समध्ये यात द्रव असतो. एक पंखा लावून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला तर तोही फिरायला लागतो, तसं इंजिनाकडचं चाक तेल ढकलतं आणि त्या तेलाने पलीकडचं चाक फिरतं. शिवाय निघताना हे जोडकाम इंजिनाचा टॉर्क वाढवूनही देतं. म्हणून चढावर, रांगेत, इंचाइंचाने सरकताना घासायला काही नसतं आणि गचकाही बसत नाही. पूर्वी खरी अडचण होती ती त्या घसरणाऱ्या तेलाची. आता गाडी हलली की ती दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट धरणारा लॉक-अप क्लच लवकर जोडला जातो आणि पुढे सगळं थेट चालतं. २००९ मध्ये आलेल्या झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ स्पीड गिअरबॉक्सने हे चित्र पालटलं. टोयोटा जीआर सुप्रा, अल्फा रोमिओ जुलिया क्वाड्रिफोलिओ, जॅग्वार एफ-टाइप या सगळ्यांत त्याचीच भावंडं आहेत.

याची साक्ष हवी तर बीएमडब्ल्यू एम५ च्या तीन पिढ्या बघा. ई६० मध्ये एकच क्लच यंत्राने चालवणारा एसएमजी होता, एफ१० मध्ये सात स्पीडचा ड्युअल-क्लच आला आणि २०१७ च्या एफ९० मध्ये त्यांनी तो सोडून आठ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर घेतला. सहाशे हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी ज्यांनी हा निर्णय घेतला, त्यांना वेगाची पर्वा नव्हती असं कोण म्हणेल? ट्रॅकवर, सलग रेडलाइनला, ड्युअल-क्लच अजूनही जास्त करकरीत वाटतो. दादाच्या गाडीत प्रत्येक बदलाच्या कडा किंचित गोल असतात. रस्त्यावर मला त्याचं काही वाटलं नाही.

आता मॅन्युअल, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

मॅन्युअल हवी की नको हे तुमच्या हौसेइतकंच त्या गाडीच्या गिअर रेशोंवर, म्हणजे कोणता गिअर किती वेगापर्यंत पुरतो यावर ठरतं, आणि ते बहुतेक जण बघतच नाहीत. एमएक्स-५ मध्ये दुसरा गिअर साधारण ताशी १०० किलोमीटरला संपतो, आणि सहावा गिअर थेट १:१ आहे, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या गिअरबॉक्समधून जशाच्या तशा बाहेर पडतात. म्हणजे वळणावळणाच्या रस्त्यावर दुसरा-तिसरा-दुसरा असं हाताला सतत काम राहतं, आणि तेही कायद्याच्या मर्यादेच्या आसपास. याउलट पोर्शे केमन जीटी४ सारख्या गाडीत दुसराच गिअर १३० च्या वर जातो. इतकं सुंदर लिव्हर, पण सार्वजनिक रस्त्यावर तिसऱ्यात जायची वेळच क्वचित येते. अशा गाडीत मॅन्युअल घेताना हा विचार केलाच पाहिजे.

मॅन्युअलचं सुख नेमकं कशात आहे ते सांगते. वळण जवळ येतं. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर, गाडीचं नाक खाली झुकलेलं. क्लच दाबला, लिव्हर तिसऱ्यातून मागे दुसऱ्यात ओढला, आणि ब्रेकचा दाब तसाच ठेवून पायाची बाहेरची कड अॅक्सिलरेटरवर टेकवून एक छोटा फटका दिला. इंजिन वर उठतं, क्लच सोडला की काहीही जाणवत नाही. ना झटका, ना मागच्या चाकांची चुळबूळ. ते ‘काहीही न जाणवणं’ हेच बक्षीस. आरपीएम थोडं कमी पडलं तर गाडी लगेच मान डोलावून सांगते. हल्ली बऱ्याच मॅन्युअलमध्ये आरपीएम जुळवायचं हे काम यंत्रच करून टाकतं. निसान ३७०झेडने २००९ च्या सुमारास ती सोय पहिल्यांदा दिली. सोय चांगली आहे, पण ती बंद करायचं बटण असलेली गाडी घ्या.

आणि ही हौस फक्त माझ्यासारख्यांची नाही. २०१३ मध्ये पोर्शेने ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली, आणि २०१७ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत द्यावा लागला. जीआर सुप्रालाही मॅन्युअल नंतर, २०२२ मध्ये मिळाली. उलट दिशेची उदाहरणंही आहेत. कॉर्व्हेट सी८ फक्त ड्युअल-क्लचमध्येच येते.

रांगत्या ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल पाय दुखवते, हे खरंच आहे. पण हाफ क्लच किती वेळ ठेवायचा हे माझ्या हातात असतं, आणि पुढे जागा होईपर्यंत थांबायचं की सरकायचं हेही. म्हणून रोजच्या वापरात ती मला ड्युअल-क्लचपेक्षा कमी चिडचिडी वाटली.

देखभालीचं थोडक्यात. मॅन्युअलमध्ये क्लचप्लेट कधीतरी बदलावी लागते, बाकी फारसं काही नाही. वेट ड्युअल-क्लचचं तेल आणि फिल्टर वेळेवर बदलणं हा खर्च नियमित धरा. फोक्सवॅगनच्या सहा स्पीड डीएसजीला, म्हणजे त्यांच्या ड्युअल-क्लचला, ते साधारण ६०,००० किलोमीटरला लागतं. ऑटोमॅटिकचं तेल ‘आयुष्यभराचं’ असतं हे ऐकून सोडून देऊ नका. झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते.

माझा कौल असा. रोज कोंडीतून जायचं असेल आणि गाडी एकच असेल तर चांगला टॉर्क कन्व्हर्टर डोळे मिटून घ्या. ट्रॅकवर नियमित जात असाल, लॅपच्या वेळेत जीव अडकला असेल, तर ड्युअल-क्लच, आणि तोही वेट. गाडी हलकी असेल, इंजिन वर फिरायला उत्सुक असेल आणि रेशो आखूड, म्हणजे प्रत्येक गिअर कमी वेगालाच संपणारे असतील तर मॅन्युअल, दुसरं काही नको.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन मोकळ्या रस्त्यावर नेईल. तिथे तिन्ही छानच वाटतात. तुम्ही चढ शोधा, इंजिन चांगलं तापल्यावर तिथे रिव्हर्स घ्या, मग एखाद्या गर्दीच्या सिग्नलला दहा मिनिटं काढा. मॅन्युअल असेल तर रोजचे बूट घालून जा आणि ब्रेक दाबलेला असताना पायाची कड अॅक्सिलरेटरपर्यंत पोचते का ते बघा. जुनी ड्युअल-क्लच घेत असाल तर तेल बदलल्याची नोंद मागा. ती नसेल तर त्या खर्चाएवढी किंमत कमी करून घ्या किंवा दुसरी गाडी बघा.