आईच्या हार्ट फेल्युअरसाठी घेतलेला वजनकाटा: आठ महिन्यांनंतर

गेल्या नोव्हेंबरात आईची टावी, म्हणजे हृदयाची झडप बदलण्याची प्रक्रिया, झाली. वय ७९. तिची महाधमनीची झडप कॅल्शियम साठून कडक झाली होती, जेमतेम ०.७ चौरस सेंटीमीटर उघडायची. अशी झडप गोळ्यांनी मोकळी होत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोन वर्षं जिना चढताना लागणारी धाप आम्ही वयावर ढकलली, त्याचं आजही वाईट वाटतं. टावीत जांघेतल्या रक्तवाहिनीतून नवी झडप नेऊन बसवतात, छाती उघडावी लागत नाही.

पण झडप बदलली म्हणून इतकी वर्षं जोर लावून थकलेलं हृदय लगेच ताळ्यावर येत नाही. अंगात पाणी साठायची भीती राहतेच. डिस्चार्जच्या वेळी हे कुणी नीट सांगितलं नाही. सोलापुरातले आमचे डॉक्टर पहिल्याच भेटीत म्हणाले, आधी डिजिटल वजनकाटा घ्या, पाणी साठलं तर ते वजनात दिसेल.

पहिल्या आठवड्यात रोज किलोभर फरक यायचा. काटा परतच करणार होतो. मग लक्षात आलं, आमची शहाबादी फरशी उंचसखल, काट्याचा एक पाय अधांतरी राहत होता. देवघरासमोरची एक फरशी सपाट निघाली, तिथे खडूने चौकोन आखला. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, आई त्यावर उभी राहते, मी मागे थांबतो. आकडा कॅलेंडरवर लिहितो.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत घरी पाहुणे होते. शेंगाचटणी, भजी, लोणचं, सगळं मिठाचं. तीन दिवसांत ५२.४ वरून ५४.३! "मला काही होत नाही रे," आई म्हणत होती. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. डॉक्टरांनी फोनवरच टॉर्सेमाइड (लघवीची गोळी) पाच दिवसांसाठी वाढवलं, वजन उतरलं. धाप लागायच्या आधी कळलं, म्हणून ॲडमिट करायची वेळ आली नाही.

एप्रिलच्या उन्हात उलटं झालं. वजन ५१ च्या खाली, उठताना चक्कर. रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), पोटॅशियम बघून डॉक्टरांनीच डोस कमी केला. लघवीची गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर तर आणूच नका, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी धरून राहतं.

काट्याचा एकच दोष: फरक थोडा असला की कालचाच आकडा पुन्हा दाखवतो. म्हणून तो जुना आकडा पुसला जावा यासाठी आधी पाण्याने भरलेली कळशी ठेवतो, मग आईला उभं करतो.

आज ५२.६. शेंगाचटणी हवी म्हणाली, बिनमिठाची कुटून दिली.