भिंतीत बसणारा सव्वातीन बाय दहा इंची पत्र्याचा डक्ट: मापात पक्का, सांध्यांना मात्र वेळ द्या

लाकडी चौकटीच्या भिंतीत हवा वर न्यायची तर आमची पहिली पसंती याच गॅल्वनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) डक्टला, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या चपट्या नळीला. 2x4 स्टडची (चौकटीच्या उभ्या लाकडाची) खोली प्रत्यक्षात साडेतीन इंच आणि स्टड मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंचांवर असले की मधली मोकळी रुंदी साडेचौदा. 6 इंची गोल पाइप इथे मावतच नाही. लवचीक डक्ट दाबून बसवला तर तो चेपतो आणि हवा अडते.

3¼ x 10 मधून साधारण 6 इंची गोल पाइपाइतकी हवा जाते. नुसतं क्षेत्रफळ पाहून माप ठरवू नका: चपट्या आकारात घर्षण जास्त असतं, म्हणून 3¼ x 14 क्षेत्रफळाने साडेसात इंची गोलाएवढा दिसला तरी काम सातच्या आतलंच करतो.

खरी कसोटी सांध्यांवर. दोन्ही बाजूंना जेमतेम अष्टमांश इंच जागा उरते, त्यामुळे रुंद बाजूवर स्क्रू मारला की त्याचं डोकं जिप्सम बोर्डला फुगवटा आणतं. स्क्रू अरुंद कडेलाच मारा, वर मॅस्टिक (सांधे बुजवणारा घट्ट लेप) किंवा फॉइल टेप लावा. साधी कापडी टेप कालांतराने सुटते. बोर्ड लावण्याआधी हवा सोडून हात फिरवा, गळती लगेच कळते.

पत्रा शक्यतो 28 गेजचा घ्या (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ). 30 गेज पंखा सुरू होताना डबडब वाजतो.

बाहेरच्या भिंतीसाठी हा घेऊच नका, इन्सुलेशनला (उष्णता अडवणाऱ्या थराला) जागाच राहत नाही.