एकाच कंपनीकडून डोमेन आणि होस्टिंग घेतलं, होस्टिंग ठीक पण डोमेन हलवावं लागलं

कंपनीचं नाव देत नाहीये, पण नवीन साइट काढणाऱ्यांनी हे वाचून मगच पैसे भरा. मी त्यांचं पॅकेज घेतलं होतं, होस्टिंगवर (म्हणजे साइटच्या फाइली ठेवायची जागा) डॉट कॉम डोमेन (म्हणजे साइटचं नाव) एक वर्ष फुकट. होस्टिंगला 5 पैकी साडेतीन देईन, डोमेनच्या सेवेला दीडच्या वर एक पॉइंट नाही.

सुरुवात कार्टपासूनच. नाव टाकलं, अव्हेलेबल आहे म्हणाले, पुढे गेलं तर प्रायव्हसी (डोमेनच्या मालकाची माहिती लपवणं), एसएसएल (साइट सुरक्षित करणारं सर्टिफिकेट), बॅकअप, सिक्युरिटी सगळ्यावर आधीच टिक मारलेली, एकेक काढत बसा. एसएसएलचे पैसे कसले मागता? लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून सर्टिफिकेट फुकट देतंय आणि यांच्याच सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) फुकटचं सर्टिफिकेट आपोआप लागतं, मी काही न घेता दुसऱ्या दिवशी ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी सुरक्षिततेचं कुलूप दिसत होतं. प्रायव्हसीचंही तेच, नेमचीप, पोर्कबन, क्लाउडफ्लेअर या रजिस्ट्रारांकडे (डोमेन विकणाऱ्या कंपन्या) ती डोमेनसोबत फुकट मिळते. आणि हो, डोमेन घेतल्यावर ईमेल व्हेरिफाय करायची लिंक येते ती स्पॅममध्ये शोधा, 15 दिवसांत क्लिक केलं नाही तर डोमेन सस्पेंड होतं, तो आयकॅनचा (डोमेनचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) नियम आहे, कंपनीचा त्यात दोष नाही.

खरा त्रास रिन्यूअलला. फुकटच्या डोमेनचा दुसऱ्या वर्षाचा भाव बाहेरच्या साध्या रजिस्ट्रारपेक्षा चांगलाच जास्त निघाला, आणि तो कार्टमध्ये कुठेच ठळक लिहिलेला नव्हता, अटींच्या पानावर खाली बारीक अक्षरात होता. डॉट कॉमचा मूळ घाऊक भाव व्हेरिसाइन (सगळ्या डॉट कॉम नावांची नोंद ठेवणारी कंपनी) घेते तो सगळ्या रजिस्ट्रारना सारखाच, म्हणजे वरचं सगळं मार्जिन. म्हणून म्हटलं डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करू, तर पॅनेलमध्ये लॉक काढायचं बटण आहे पण ऑथ कोडचं (ट्रान्सफरला लागणारा पासवर्ड) नाहीच, चॅटवर विचारा म्हणे. चॅटवर आधी डिस्काउंट, मग दुसरं डिस्काउंट, मग "टेक्निकल टीमला कळवलंय". शेवटी मी सरळ लिहिलं की आयकॅनच्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून 5 दिवसांत कोड द्यावाच लागतो, त्याच संध्याकाळी कोड मेलवर हजर! ही एक ओळ कुठेतरी सेव्ह करून ठेवा, कामाला येते.

ट्रान्सफर सोपी आहे, घाबरू नका. नवीन डोमेन असेल तर पहिले 60 दिवस हलत नाही एवढंच, बाकी डॉट कॉमला ट्रान्सफरसोबत एक वर्ष वाढूनच मिळतं त्यामुळे भरलेले पैसे वाया जात नाहीत. माझे नेमसर्व्हर (नावावरून साइट कुठे आहे ते सांगणारे सर्व्हर) होस्टिंगचेच होते, ते तसेच राहिले त्यामुळे साइट एक मिनिटही बंद पडली नाही. फक्त एक्स्पायरीच्या तोंडावर हे करू नका. डॉट कॉम एक्स्पायर होऊन डिलीट झालं की 30 दिवस रिडेम्प्शनमध्ये जातं, तेव्हा सोडवायला वेगळी जबरदस्त फी घेतात, त्यानंतर 5 दिवसांनी नाव कुणालाही मोकळं. साइट परत बांधता येते हो, लोकांच्या तोंडात बसलेलं नाव गेलं तर काय करणार, म्हणून मी डोमेनला एवढा जीव लावतो.

आता होस्टिंग. स्पीड चांगला आहे, लाइटस्पीड हे सर्व्हर सॉफ्टवेअर आहे, पीएचपी (साइट ज्या भाषेवर चालते ती) व्हर्जन पॅनेलमधूनच बदलता येतं, सपोर्टवाले इथे मात्र खरंच मदत करतात, रात्री उशिरा डेटाबेस एरर आली होती ती बोलता बोलता सोडवली त्यांनी. 99.9 टक्के अपटाइम लिहिलंय, म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी ते कंपनीच्या शब्दात बसतं हे लक्षात ठेवा, माझी एवढी कधी बंद नव्हती.

पण "अनलिमिटेड" वर अजिबात जाऊ नका. जागा अनलिमिटेड असली तरी आयनोडची मर्यादा असते, म्हणजे फाइली किती त्याचा हिशोब, आणि प्रत्येक ईमेलही त्यात एक फाइल म्हणून मोजली जाते. वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) एक मोठा फोटो चढवला की 150, 300, 768, 1024, 1536, 2048 अशा पिक्सेल साइजच्या कॉप्या, एक 2560 ची आणि मूळ धरून आठ फाइली तयार होतात. फोटोंची साइट असेल तर जीबी किती ते विचारण्याआधी आयनोड किती ते विचारा, सीपॅनेलच्या उजव्या बाजूला आकडा दिसतो, माझा जागेच्या कितीतरी आधी भरत आलाय.

बॅकअप ते ठेवतात पण त्यांच्याच सर्व्हरवर, म्हणून मी दर महिन्याला फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घेतो. जाहिरातीतला महिन्याचा भाव हा तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच, मी एकाच वर्षाचं घेतलं आणि तेच बरं झालं. सध्या होस्टिंग तिथेच आहे. पुढे हलवायचं ठरलं तर आदल्या दिवशी डीएनएसमध्ये (नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदी) टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) 14400 वरून 300 करणार आणि एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे जायचे ती नोंद) आधी लिहून घेणार, साइट नवीन जागी उघडते पण मेल यायचे थांबतात हे बऱ्याच जणांचं होतं.