लॅपटॉप फॉरमॅट करून लिनक्स मिंट टाकला, त्याला सहा महिने झाले

आमचा घरचा लॅपटॉप २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि मूळचीच १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. चालता लॅपटॉप भंगारात घालायचा जीव होईना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळी डिस्क पुसून लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई नावाची आवृत्ती टाकली. जुन्या मशीनला ती हलकी पडते.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. रुफस या छोट्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बूटेबल केला, म्हणजे लॅपटॉप त्यावरून सुरू होईल असा, आणि आधी त्यावरूनच मिंट चालवून वाय-फाय, आवाज, कीबोर्ड तपासले. डिस्कची तब्येतही तिथेच पाहिली. डिस्कवरचे खराब झालेले भाग (सेक्टर) वाढत असतील तर फॉरमॅट करून काही उपयोग नाही, डिस्कच बदलावी लागते. आमची ठीक निघाली.

बॅकअप दोन ठिकाणी घेतला होता. तरी चूक झालीच.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने पंधरा वर्षांपूर्वी टाइप करून ठेवल्या होत्या, युनिकोड म्हणजे मराठी अक्षरं सगळीकडे तशीच दिसणारी आजची पद्धत, तिच्या आधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये. नव्या सिस्टिमवर फाइल उघडली तर पानभर रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि महिरपी कंस. आई शेजारीच बसली होती, काही बोलली नाही. तसले फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फाइलमध्ये साठतो तो रोमन कोडच. फाइल बॅकअपमध्ये शाबूत होती, पण फाँट विंडोजच्या फोल्डरमध्ये होता आणि तो फॉरमॅटमध्ये गेला. शेवटी गावातल्या एका जुन्या डीटीपीवाल्या काकांकडे तो मिळाला. होम फोल्डरमधल्या फाँटच्या फोल्डरात टाकला आणि ओव्या जशाच्या तशा दिसल्या. तेव्हा कळकळीने सांगतो, फॉरमॅट करण्याआधी फोटोंइतकीच फाँटचीही कॉपी घ्या.

सहा महिन्यांचा अनुभव म्हणाल तर मी समाधानी आहे. सुरू व्हायला पूर्वी पाच-सहा मिनिटं लागायची, आता सव्वा मिनिट. ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की मात्र ४ जीबी रॅम कमी पडते. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड यादीतून निवडला की झालं. विंडोजचा मंगल फाँट मिंटमध्ये येत नाही, त्यामुळे ऑफिसातून आलेली पत्रं लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखा मोफत प्रोग्रॅम) उघडली की मजकूर पुढच्या पानावर सरकतो. बाहेर पाठवताना मी पीडीएफच करतो. प्रिंटर लगेच सापडला, स्कॅनरसाठी एक अख्खी संध्याकाळ गेली. टाइमशिफ्ट हे सिस्टिमची प्रत जपून ठेवणारं साधन पहिल्याच दिवशी लावून ठेवा. सिस्टिम बिघडली तर मागे नेता येते, पण तुमच्या फाइलींचा बॅकअप ते एरवी घेत नाही, तो वेगळाच हवा.

ओव्या आता युनिकोडमध्ये आणतोय. कन्व्हर्टर बरंच काम करतो, पण पहिली वेलांटी आणि रफार भलत्याच अक्षरावर बसतात. मग रात्री जेवणं झाल्यावर आई जुन्या वहीतून एकेक ओळ वाचते आणि मी दुरुस्त करतो. एकशे चाळीस झाल्या, साठेक राहिल्यात. झालेल्या ओव्या मावशीला फोनवर पाठवल्या, तर तिने आई विसरलेली एक ओवी कळवली. ती वहीतही नव्हती.