कोरोनाकाळातला स्केटिंगचा आधार: आयएसयूचं (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाचं) यूट्यूब चॅनल

२०२० मध्ये ज्युनियर ग्रां प्री, म्हणजे फिगर स्केटिंगची कनिष्ठ गटाची स्पर्धामालिका, रद्द झाली आणि या चॅनलचा सर्वांत चांगला, फुकट मिळणारा भागच गेला. सीनियर स्पर्धांची अडचण वेगळी: तुमच्या देशात कुणाकडे प्रक्षेपणहक्क असतील, तर स्क्रीन काळीच. आधी तेवढं तपासा. २०२१ ची स्टॉकहोमची जागतिक स्पर्धा जपानमधून बघायची म्हणजे जागरण. तिथले संध्याकाळचे सहा, टोकियोत रात्रीचे दोन.

त्यापेक्षा निकालांच्या पानावरची गुणपत्रिका कामाची. उडीपुढे ‘<’ असेल तर हवेतला फेरा अपुरा, उडीच्या मूळ गुणांपैकी ८० टक्केच. ‘एक्स’ म्हणजे उत्तरार्धातली उडी, १० टक्के जादा. थेट प्रक्षेपणातला आकडा तात्पुरता असतो, पुनरावलोकनात घसरू शकतो. लगेच जल्लोष नको! २०२० च्या ओसाकातल्या एनएचके ट्रॉफीतले (ग्रां प्री मालिकेतली जपानची स्पर्धा) गुण मात्र इतर स्पर्धांशी ताडू नयेत. स्पर्धक जवळपास सगळे जपानीच होते.