घशाचा प्रत्येक पेशंट जे०२.९? कोडिंग सॉफ्टवेअरचे आठ महिने

नाशिकरोडच्या एका छोट्या कान-नाक-घसा रुग्णालयात मी रिसेप्शन आणि विम्याची कागदपत्रं दोन्ही बघते. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी निदानाचे कोड घालणारं सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण माझ्या निम्म्या तक्रारी त्याच्यापेक्षा आमच्या वापरण्याबद्दल आहेत.

आधी चांगलं सांगते. आयसीडी-१० म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या कोडची यादी. तिची पीडीएफ उघडून शोधत बसणं संपलं. कॅशलेसच्या अर्जात कोडचा रकाना असतो, तो आपोआप भरून येतो. इंग्रजी ओ आणि शून्याची गल्लतही थांबली. पूर्वी जे०२ च्या जागी जेओ२ टाइप झाल्याने माझा एक अर्ज परत आला होता.

आता घसा. महिनाअखेरीला यादी काढली तर घशाचे जवळपास सगळे पेशंट जे०२.९ मध्ये. म्हणजे अक्यूट (अचानक आलेला) फॅरिंजायटिस, घशाची सूज, कारण नोंदवलेलं नाही. थंडीत निफाड-पिंपळगावकडून खोकत येणाऱ्यांची रांग लागते हे खरं, पण टॉन्सिल सुजलेला मुलगा आणि आवाज गेलेल्या शाळेच्या बाई एकाच कोडात कशा? कारण फालतू होतं. 'थ्रोट' टाइप केलं की हा कोड सगळ्यात वर येतो आणि एंटर मारला की बसतो. संध्याकाळच्या गर्दीत माझं बोट एंटरवरच असतं.

शिवाय पेशंटची भाषा वेगळी. "ताई, घसा धरलाय," "खवखवतंय," "थुंकी गिळवत नाही." घसा बसला म्हणजे आवाज बसला. त्यावर डॉक्टरांनी लॅरिंजायटिस (स्वरयंत्राची सूज) लिहिलं तर जे०४.०, नुसता घोगरेपणा लिहिला तर आर४९.०. टॉन्सिलायटिस जे०३.९, टॉन्सिलशेजारी पू झाला तर जे३६. सगळ्यात डोकं खाल्लं ते आर०७.० ने. त्याचं नाव 'पेन इन थ्रोट', पण खालीच टीप आहे की 'सोअर थ्रोट' इथे घालू नका, ते जे०२.९ मध्ये. मराठीत दोन्ही घसा दुखणंच! शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घसा लाल दिसला की मी फॅरिंजायटिस लिहितो. तपासून काही सापडलं नाही आणि तरी दुखतंय, तेव्हा तुमचा आर." तेव्हापासून मी पेशंटचं बोलणं तक्रारीच्या रकान्यात टाकते आणि कोड फक्त डॉक्टरांच्या निदानावरून घालते.

एक सोय मात्र मी बंदच करून टाकली. अँटिबायोटिक लिहिलं की सॉफ्टवेअर जे०२.० सुचवायचं, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस या जंतूमुळे सुजलेला घसा. तपासणीसाठी घशातला स्वॅब (नमुना) घेतलेला नाही, डॉक्टरांनी जंतूचं नाव लिहिलेलं नाही, मग हे कुठून आलं? औषधावरून आजार ओळखायचा तर डॉक्टर कशाला हवेत?

खरा फटका बसला मे महिन्यात. जानेवारीत टॉन्सिलायटिस होऊन गेलेल्या एका मुलाचं सुट्टीत टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं. 'मागचं निदान कॉपी करा' या बटणाने जे०३.९ अर्जात गेला. विम्याकडून प्रश्न आला: अक्यूट आजार आहे तर ठरवून ऑपरेशन कसं? हवा होता क्रॉनिक, म्हणजे जुनाट टॉन्सिलायटिसचा जे३५.०. त्यात बऱ्याच पॉलिसींत टॉन्सिलच्या ऑपरेशनला पॉलिसी घेतल्यापासून दोन वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे तिथे आधीच संशयाने बघतात. पॉलिसी जुनी होती, मंजुरी मिळाली, पण मुलाचे वडील दोन दिवस माझ्या टेबलासमोर उभे होते. चूक माझी, बटण सॉफ्टवेअरचं.

यादीत जे०३.९०, जे०३.९१ असे लांबट कोडही दिसायचे. ते अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएमचे, तिकडे ऑक्टोबर २०१५ पासून चालतात. आवृत्ती बदलायची सेटिंग तीन मेनू आत दडलेली आहे, तेवढी आधी बघून घ्या. पुढची आवृत्ती, आयसीडी-११, जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण यात ती नाही. आम्हाला अजून अडलेलं नाही.

पसंतीचे कोड वर ठेवायची सोय उत्तम आहे. मी घशाचे नऊ ठेवलेत, जे०२.९ मुद्दाम सगळ्यात खाली. डॉक्टरांनी वर्गणी पुन्हा भरली, मीही हो म्हणाले. फक्त शोधपट्टीत 'घसा' लिहिलं तर अजून काहीच येत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला की पलीकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, पुढच्या अपडेटमध्ये." संक्रांतीलाही हेच म्हणाला होता.